नास्तिकाच्या घरचं लग्न



थोड्या वेळाने तुमच्या हातात पदवीचा जो कागद पडेल, त्यावर संत गाडगेबाबांचं नाव छापलेलं असेल. 1983 साली अमरावती विद्यापीठ निघालं, पुढे त्याला बाबांचं नाव मिळालं. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या नावाने आपण पदव्या देतो, ही वऱ्हाडाची खास ऐट आहे आणि ती असावी. पण बाबांचं कीर्तन कसं चालायचं ते आठवा. ते सांगत कमी आणि विचारत जास्त. नवसाला बोकड कापता, तो कोणाच्या पोटात जातो? कर्ज काढून तेरवी घालता, सावकार कोणाच्या दारात येतो? प्रश्न टाकायचा आणि थांबायचं. समोरच्या गर्दीतून उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि एवढं सगळं झोडपून झाल्यावर शेवट भजनाने. बाबा आस्तिक होते की नास्तिक, यावर आजही दोन्हीकडचे लोक त्यांचा एकेक हात धरून ओढतात. ते ओढोत. मला त्यांचं ते थांबणं महत्त्वाचं वाटतं, आणि आज बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

देव आहे की नाही, हा वाद शहरातल्या शिकलेल्या लोकांनी खेड्यात आणला, असं एक म्हणणं कानावर येतं. मला ते पटत नाही. आपल्याच वऱ्हाडातल्या मालेगाव तालुक्यातलं शिरपूर घ्या. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं तिथलं तीर्थ देशभरातल्या जैनांना ठाऊक आहे. जैन दर्शन जग घडवणारा कर्ता ईश्वर मानत नाही. म्हणजे असा ईश्वर न मानणारी माणसं आणि विठ्ठलाची माळ घातलेली माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजाराला जात आली. याच सभागृहात अशीही मुलं आहेत, ज्यांच्या आजा-पणजाने 1956 साली नागपूरला बाबासाहेबांसोबत किंवा त्यानंतर आपल्या गावात बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरातले देव खाली उतरवले. हा वाद आपल्या अंगणातलाच आहे. फक्त त्याबद्दल बोलायची सवय आपण मोडली आहे.

शिरपूरचंच आणखी एक सांगतो, कुणाची बाजू न घेता. तिथे दिगंबर आणि श्वेतांबर या दोन पंथांत पूजेच्या पद्धतीवरून आणि व्यवस्थेच्या हक्कावरून तंटा झाला. तो इंग्रजांच्या काळात पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1981 पासून मूर्तीच्या दाराला कुलूप होतं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते निघालं. तीर्थंकर तेच, मूर्ती तीच, नमस्कार करणारे हातही तसेच, आणि तरी चाळीस वर्षांहून जास्त काळ कुलूप! तेव्हा श्रद्धा सारखी असली की भांडण होत नाही आणि वेगळी असली की होतंच, हा हिशेब तुम्ही डोक्यातून काढून टाका.

आता याच्या अगदी उलटी गोष्ट. तीही आपल्या विदर्भातली, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची.

आंध्रात गोपराजू रामचंद्र राव नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. लोक त्यांना गोरा म्हणत. उघड नास्तिक, आणि त्यापायी कॉलेजातली नोकरी गमावलेले. 1930 साली त्यांनी गांधीजींना पत्र लिहून विचारलं होतं की तुम्ही देव देव म्हणता, त्याचा अर्थ काय. देव माणसाच्या आकलनापलीकडचा आहे, अशा अर्थाचं त्रोटक उत्तर आलं. दुसऱ्या एखाद्याने तिथेच नाद सोडला असता. गोरांनी 1940 मध्ये कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर या खेड्यात नास्तिक केंद्र काढलं, साक्षरतेचं आणि अस्पृश्यता निवारणाचं काम सुरू केलं. पौर्णिमेच्या रात्री सगळ्या जातींची सहभोजनं घातली. आणि पुन्हा गांधीजींना लिहिलं. या खेपेचं उत्तर जरा कडकच होतं. नास्तिकपणाचा प्रसार आजवर कुणाला साधलेला नाही, असा त्याचा रोख होता.

अखेर 1944 च्या नोव्हेंबरात सेवाग्रामला दोघांची भेट झाली. देव नसलेल्या माणसाशी मी काय बोलू, असं गांधीजींनी थट्टेत विचारलं आणि दोघंही मोठ्याने हसले. त्या हसण्यानंतर मात्र ते थेट कामावर आले. गांधीजी खोदून खोदून विचारत राहिले. खेड्यात तुमच्या विचाराचा उपयोग काय? हरिजनांना त्यातून काय मिळतं? गोरांचं म्हणणं असं की सगळं नशिबावर आणि देवावर सोडणाऱ्या माणसाला तू उठू शकतोस हे पटवता येत नाही. शिवाय हिंदू, मुसलमान, हरिजन ही लेबलं गळल्याशिवाय माणूस माणसाशेजारी बसत नाही. हे ऐकणारा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला बसणारा होता. तो उठून गेला नाही. आणि ‘शेवटी सगळं एकच’ असं गुळगुळीत बोलून त्याने गोरांना वाटेलाही लावलं नाही. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं मी म्हणू शकत नाही, आपण दोघेही शोधतो आहोत, चुकलो तर दुरुस्त होऊ, असा गांधीजींच्या बोलण्याचा आशय गोरांनी नोंदवून ठेवला आहे. तुमची रीत माझ्या विरुद्ध असली तरी तुम्हाला मदत करीन, असंही ते म्हणाले.

ही मदत खरीच वेळेला उभी राहिली, म्हणून तर मी ही गोष्ट सांगतो आहे. गोरांची थोरली मुलगी मनोरमा हिचं लग्न अर्जुनराव या अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या तरुणाशी ठरलं. दोघांतलं एक हरिजन असेल तरच लग्नाला आशीर्वाद द्यायचा, असा गांधीजींचा तेव्हा नेम होता. हे लग्न सेवाग्राम आश्रमातच लावायचं असं त्यांनी ठरवलं. अडचण एकच होती. आश्रमातल्या लग्नविधीत ईश्वराचं नाव घेऊन शपथ घ्यावी लागे, आणि ते नाव घ्यायला गोरांचं घर तयार नव्हतं. तेव्हा गांधीजींनीच त्या शपथेत ईश्वराच्या जागी सत्य घालायला मान्यता दिली. त्यासाठी त्यांना आपली निष्ठा सोडावी लागली नाही. ईश्वर म्हणजे सत्य, हे वाक्य उलटं करून सत्य म्हणजे ईश्वर असं ते 1931 पासूनच मांडत होते. लग्न लागलं ते 13 मार्च 1948 रोजी. तोवर गांधीजींचा खून होऊन दीड महिना झाला होता. दिलेला शब्द आश्रमाने पाळला.

पुढे 1951 साली गोरांनी या भेटींवर इंग्रजीत छोटंसं पुस्तक लिहिलं. ते काढलं गांधीजींच्याच नवजीवन प्रकाशनाने, आणि प्रस्तावना लिहिली ती अकोल्याशी घरोबा असलेल्या, स्वामीनारायण परंपरेत वाढलेल्या किशोरलाल मश्रुवालांनी. नास्तिकाचं पुस्तक, भाविकाची प्रस्तावना! आज असं पुस्तक कुणी छापेल का, हा प्रश्न मी इथल्या प्राध्यापकांसाठी राखून ठेवतो.

गोरा शेवटपर्यंत नास्तिक राहिले. गांधीजींची प्रार्थना एक दिवसही थांबली नाही. वादविवाद स्पर्धेतल्या परीक्षकांना विचाराल तर ते ही फेरी अनिर्णित देतील. मला मात्र यात वादाचं खरं काम दिसतं. तुझ्या म्हणण्याने तुझं वागणं काय बदलतं, हे दोघांनी एकमेकांना विचारलं आणि उत्तर येईपर्यंत दोघंही थांबले.

महाराष्ट्रात हीच वाट डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू यांनी धरली. दोघंही नास्तिक, पण व्यासपीठावर मतभेद उघडे ठेवायचे. लागू म्हणायचे, परमेश्वर नाही हे ठणकावून सांगा, त्याला आता निवृत्त करा. दाभोलकरांची भूमिका अशी होती की अंधश्रद्धा निर्मूलनाची आपली संघटना देवाधर्माबद्दल तटस्थ राहील, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला मात्र विरोध करील. सभागृहातले लोकही त्यांना प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नसत. दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तो मिळवून वाचा. वारकऱ्यांनी घेतलेल्या आक्षेपांवर वर्षानुवर्षं चर्चा झाली, मसुदा बदलत गेला. आज त्या कायद्यात पूजा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हात लावलेला नाही. बंदी आहे ती नरबळीवर, करणी-भानामतीच्या नावाने होणाऱ्या छळावर, भूत उतरवायला मारहाण करण्यावर. म्हणून एक सीमा नीट ओळखा. देव आहे की नाही यावर रात्रभर बोला. पण गावात एखाद्या बाईला करणी करणारी म्हणून मारत असतील, तर तिथे वाद घालत बसू नका, पोलीस ठाण्यात फोन करा.

आता तुमच्या घरचं. तुमच्यातल्या काहींचा देवावर विश्वास नाही, पण ते घरी सांगायचा धीर नाही. काहींची श्रद्धा गाढ आहे, पण मित्रांत ती लपवावी लागते. दोघांचीही घुसमट सारखीच. नोकरी लागली की घरात सत्यनारायण घालायचं निघेल. पाटावर बसायचं नसेल तर आईला तसं शांतपणे सांगा, का नाही तेही सांगा. आणि मग तुला ही पूजा का हवी, हे तिला विचारून गप्प बसा. कदाचित ती म्हणेल, तुझ्या फीसाठी पैसे जमवताना मला त्याच्याशिवाय कोण होतं? या उत्तराला तुमच्या पुस्तकात तयार उत्तर नाही. ते शोधत राहा, पण आधी आलेल्या पाहुण्यांना पाणी द्या. श्रद्धावान मुलांनो, तुम्हालाही तेच लागू. प्रसाद नाकारणारा मित्र तुमचा अपमान करत नाही. त्याला कारण विचारा, आणि नाकारूनही जेवायला थांबवा.

भाषण लांबलं हे समोरच्या चेहऱ्यांवरून कळतं आहे. तुम्हा सर्वांचं, आणि त्याहून जास्त तुमच्या आईवडिलांचं अभिनंदन. प्राचार्यांनी आता पदव्या वाटायला घ्याव्यात. लांबून आलेल्यांना परतीची गाडी धरायची आहे.