इंजिनिअर व्हा, पण मराठीही वाचा



बारावीचा निकाल लागला की सीमाभागात घरोघरी एकच प्रश्न : इंजिनिअरिंग कुठे? बेळगावात गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ पासून आहे, विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ १९९८ पासून. साहित्य-इतिहास शिकायचा तर राणी पार्वतीदेवी, लिंगराज, नाहीतर निपाणीजवळचे देवचंद महाविद्यालय. म्हणजे सतराव्या वर्षीच पोराला एक दार लावून घ्यावे लागते. अमेरिकेतले स्वार्थमोर हे छोटे कॉलेज मात्र दोन्ही विषय एकाच आवारात शिकवते.

आपल्याकडे तसे कॉलेज नाही, म्हणून निवड डोळसपणे करा. इमारत पाहू नका. वर्गात मुले किती, पहिल्या वर्षाला कोण शिकवते, ग्रंथालयात मराठी पुस्तके आहेत का, हे विचारा. वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात स्वतंत्र तरतूद आहे. त्यासाठीचे दाखले आधीच काढून ठेवा.

आपला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. या लढ्याला वकील, शिक्षक, पत्रकार लागले. उद्या इंजिनिअरही लागतील; पण आपले निवेदन मराठीत स्वतः लिहू शकणारे. ती तयारी घरातच झाली पाहिजे.

जय महाराष्ट्र!