कळांचे सलाईन
(मंडळाच्या सभेत झालेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, म्हणून अनुभवाचेच बोलते. माझी थोरली 2003 साली झाली. तारखेला आठ दिवस अवकाश होता, बाळ पोटात चांगले फिरत होते. तपासणीला गेले, तर नर्सने हाताला सलाईन लावले. कशाचे, विचारले; “ताकदीचे,” म्हणाली. होते कळांचे! डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी गावाला जायचे होते, हे सासूबाईंना मागाहून कळले. आपसूक येणाऱ्या कळा हळूहळू वाढतात, मध्ये श्वास घ्यायला उसंत मिळते. या कळांना उसंतच नव्हती. रात्रभर ओरडले, बाळाचे ठोके मंदावले, शेवटी चिमटा लावून काढले. मूल सुखरूप, म्हणून घरच्यांनी पेढे वाटले. मला कोणी काही विचारले नाही.

औषधच वाईट असे मी म्हणत नाही. रक्तदाब वाढला, पाणी जाऊनही कळा येईनात, तर ते लागते. 41 आठवडे पुरे झाले तर द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण तारीख म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलेले 280 दिवस, नुसता अंदाज. तो काही लग्नाचा मुहूर्त नव्हे!

धाकट्याच्या वेळी, 2007 साली, सलाईन दिसताच मी हात मागे घेतला. “कशासाठी, ते आधी सांगा.” डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकले, म्हणाल्या, “थांबू या.” तारखेनंतर चौथ्या दिवशी तो झाला.

पुढच्या महिन्यात थोरलीची तारीख आहे. तिच्यासोबत मीच जाणार आहे.