भट्टीचे दार कोणासाठी उघडते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंत्र आणि कामगार यांच्या संबंधाची चर्चा आपल्याकडे बहुधा मोठ्या यंत्रांच्या संदर्भात होते. स्वयंचलित माग आला, संगणक आला, आता किती हात रिकामे होणार, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्तच आहे. परंतु एखादे यंत्र कामगाराची जागा न घेता केवळ त्याचे कष्ट हलके करते, तेव्हाही त्याचा लाभ कामगाराच्या पदरात आपोआप पडतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास अमेरिकन रेल्वेच्या इतिहासातील एक अगदी लहान साधन उपयोगी पडते. ते म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या भट्टीचे, पायाने उघडणारे दार.

प्रथम त्या कामाचे स्वरूप पाहू. वाफेच्या इंजिनात फायरमन टेंडरमधील कोळसा फावड्याने उचलतो, वळतो, आणि तो भट्टीत नेमक्या जागी फेकतो. फावडे दोन्ही हातांनीच धरावे लागते. भट्टीतील उष्णता हजार अंश सेल्सियसच्या वर असते; पायाखालची फळी सतत हादरत असते. ताशी दोन टन कोळसा घालावयाचा आणि एका फावड्यात सात किलो मावतो असे धरले, तर सुमारे २८५ वेळा, म्हणजे दर बारा-तेरा सेकंदांनी एक फावडे मारावे लागते. आता, दोन्ही हात फावड्यात गुंतलेल्या माणसाने भट्टीचे दार उघडावे कशाने?

जुन्या पद्धतीचे दार बिजागरीवर फिरणारे असे आणि ते साखळीने किंवा मुठीने ओढावे लागे. दर फावड्यास ते उघडणे-मिटणे एकट्या माणसास अशक्यप्राय असल्याने दार तसेच उघडे ठेवले जाई. त्याचे परिणाम दुहेरी होते. उघड्या दारातून थंड हवा भट्टीत शिरे. तप्त नळ्या अकस्मात आकुंचन पावून गळू लागत आणि कोळसा वाया जाई. हा झाला इंजिनाचा तोटा. माणसाचा तोटा असा की, त्याचा चेहरा, डोळे आणि छाती अखंड आगीसमोर राही. रात्री त्या झगझगाटाने डोळे दिपत आणि पुढचा सिग्नल दिसणे कठीण होई.

यावरील उपाय फार अवघड नव्हता. फ्रँकलिन रेल्वे सप्लाय कंपनीचे ‘बटरफ्लाय’ दार हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. या दाराला दोन पाती असत. ती वरच्या बाजूस खिळीवर बसवलेली असून मध्यभागी एकमेकींस भिडत. कॅबच्या फळीवर एक पेडल असे. ब्रेकसाठी इंजिनावर दाबाखालील हवा असतेच. पेडलवर पाय पडला की ती हवा एका लहान सिलिंडरात शिरे, आतील दट्ट्या सरके आणि दोन्ही पाती फुलपाखराच्या पंखांसारखी बाजूला होत. पाय उचलला की ती स्वतःच्या वजनाने मिटत. कोळसा फेकण्यास वळताना फायरमनचा पाय सहजच पुढे येतो. तोच पाय पेडलवर पडे. उघडझाप केवळ फावडे आत जाण्यापुरती होई.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही वस्तू मोठी बोधप्रद आहे. तिच्यापासून दोन लाभ होतात. वाचलेल्या कोळशाचा लाभ कंपनीच्या हिशेबवहीत उमटतो. वाचलेल्या डोळ्यांचा लाभ कोणत्याच वहीत उमटत नाही. म्हणून साधनाची किंमत कोळशाच्या बचतीतून भरून निघेल तेथे मालक ते आनंदाने बसवतो. जुने इंजिन, आडमार्ग, कमी धाव अशा ठिकाणी हिशेब जुळत नाही, तेथे तो थांबतो. तेथील फायरमनची कातडी मात्र तितकीच भाजत असते. शिल्लक राहिलेला खर्च कामगार आपल्या शरीरातून भरतो. बाजाराला हा खर्च दिसत नाही. तो दिसावयास लावणे हे कायद्याचे आणि संघटनेचे काम आहे.

तसा प्रयत्न झाला. जॉर्जिया राज्याने इंजिनांवर स्वयंचलित भट्टीदार बसवणे कायद्याने सक्तीचे केले. विस्कॉन्सिन या थंड राज्याने कॅबला पडदे लावण्याची सक्ती केली. रेल्वे कंपन्या न्यायालयात गेल्या. ॲटलांटिक कोस्ट लाइन या कंपनीने जॉर्जियाचे ॲटर्नी जनरल नेपियर यांच्याविरुद्ध चालवलेला खटला विस्कॉन्सिनच्या प्रकरणांसह अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि २९ नोव्हेंबर १९२६ रोजी निकाल लागला. दोन्ही राज्यांचे कायदे निष्प्रभ ठरले.

निकालामागील तर्क लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. इंजिनाच्या बॉयलरच्या तपासणीसाठी अमेरिकन काँग्रेसने १९११ साली कायदा केला होता. १९१५ आणि १९२४ च्या दुरुस्त्यांनी त्याची व्याप्ती संपूर्ण इंजिन, टेंडर आणि त्यांचे सर्व भाग यांपर्यंत वाढली आणि नियम करण्याचा अधिकार आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे आला. आयोगाने भट्टीच्या दाराविषयी किंवा पडद्यांविषयी कोणतीही सक्ती केलेली नव्हती. राज्यांचे म्हणणे असे की, केंद्राचा कायदा अपघात टाळण्यासाठी आहे, आमचे कायदे कामगारांच्या आरोग्यासाठी आणि सोयीसाठी आहेत. तेव्हा दोहोंत विरोध नाही. न्यायालयाने म्हटले की, हेतू कितीही स्तुत्य असो, दोन्ही कायद्यांचा विषय एकच, म्हणजे इंजिनाची साधनसामग्री, आहे. ते क्षेत्र केंद्राने व्यापले आहे. आयोगाने आपला अधिकार अद्याप वापरला नसला तरी राज्यांना तेथे प्रवेश नाही.

म्हणजे ज्याच्या हाती अधिकार, तो तो वापरत नव्हता. आणि जे काही करू पाहत होते, त्यांना अधिकार नव्हता. या दोहोंच्या मधल्या पोकळीत फायरमन उभा होता.

हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती कामगारद्वेष्टे नव्हते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. ते लुई ब्रँडाइस होते. स्त्री-कामगारांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणाऱ्या ऑरेगॉन राज्याच्या कायद्याचा त्यांनी १९०८ साली वकील म्हणून समर्थपणे बचाव केला होता. घटकराज्ये ही सामाजिक प्रयोगांच्या प्रयोगशाळा आहेत, हा विचारही पुढे १९३२ साली त्यांच्याच भिन्नमतपत्रिकेतून प्रसिद्ध झाला. रेल्वे अनेक राज्यांतून धावते, प्रत्येक राज्याच्या सीमेवर इंजिनाची सामग्री बदलणे शक्य नाही, हा व्यवहारही खोटा नव्हता. परंतु एकसूत्रता ही संरक्षणाच्या पातळीवरही साधता येते आणि संरक्षणाच्या अभावावरही. १९२६ साली ती अभावावर साधली गेली. पुढे संघीय नियमांनी या साधनाची दखल घेतली. १९९९ साली सुधारलेल्या अमेरिकन नियमांत यांत्रिक भट्टीदार फायरमनला सोयीच्या अंतरावरील पेडलने किंवा तत्सम साधनाने चालवता आले पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. तोपर्यंत तेथील वाफेची इंजिने पर्यटकांच्या गाड्यांपुरती उरली होती.

निकाल मात्र जिवंत राहिला. २०१२ साली त्याच सर्वोच्च न्यायालयापुढे ॲस्बेस्टॉसच्या संपर्काने कर्करोग झालेल्या एका रेल्वे कामगाराचे प्रकरण आले. त्याने १९४७ ते १९७४ या काळात इंजिन-दुरुस्तीच्या कारखान्यांत काम केले होते. इंजिनाच्या भागांच्या उत्पादकांविरुद्ध राज्याच्या कायद्याखाली भरपाई मागणारा त्याचा दावा १९२६ च्या निकालाचा आधार घेऊन नामंजूर झाला. भट्टीच्या दारासाठी आखलेली रेषा ८५ वर्षांनी फुप्फुसाच्या रोगापर्यंत पोहोचली.

येथवरची कथा मालक आणि शासन यांची झाली. तिसरा पक्ष कामगार संघटनेचा आहे. समाजवाद्यांनी या भागापुढे डोळे मिटून चालणार नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्यांत फायरमनांमध्ये कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. काम घाणेरडे, तापदायक आणि धोक्याचे होते, म्हणून ते त्यांच्या वाट्यास आले होते. फायरमनला बढती मिळून इंजिन-ड्रायव्हर होता येई, पण ही वाट केवळ गोऱ्यांना खुली होती. फायरमनांची बंधुसंघटना कृष्णवर्णीयांना सभासदत्व देत नसे. १९०९ साली जॉर्जिया रेलरोडवर गोऱ्या फायरमनांनी संप केला तो कृष्णवर्णीयांना कामावरून दूर सारण्यासाठी. लवादाने कृष्णवर्णीयांना ठेवण्यास मुभा दिली. मात्र त्यांना गोऱ्यांइतकेच वेतन द्यावे असे ठरवले. समान वेतनाची ही मागणी खुद्द गोऱ्या संघटनेचीच होती. स्वस्त श्रमाचे आकर्षण संपले की मालक कृष्णवर्णीयांना घेणार नाहीत, असा तिचा हिशेब होता. समतेची भाषा विषमतेच्या सेवेस कशी जुंपता येते, याचा हा नमुना आहे.

याच बंधुसंघटनेतून यूजीन डेब्स पुढे आले होते. तरुणपणी त्यांनी स्वतः फायरमनचे काम केले, १८८० पासून संघटनेचे चिटणीसपद सांभाळले आणि तिच्या मासिकाचे संपादन केले. धंदेनिहाय संघटनांची मर्यादा ओळखून १८९३ साली त्यांनी सर्व रेल्वे कामगारांची एकच अमेरिकन रेल्वे युनियन स्थापन केली. परंतु १८९४ च्या अधिवेशनात डेब्स यांच्या आग्रहाविरुद्ध, थोड्या मतांनी का होईना, कृष्णवर्णीयांना दार बंदच राहिले. त्याच वर्षी पुलमनचा मोठा संप झाला आणि चिरडला गेला.

पुढे मोठ्या इंजिनांवर कोळसा घालणारी यांत्रिक स्टोकर आली, मग डिझेल आले. काम हलके आणि स्वच्छ होऊ लागले. जे काम गोऱ्यांना नको होते, तेच आता हवेसे झाले. फेब्रुवारी १९४१ मध्ये आग्नेयेकडील रेल्वे कंपन्या आणि बंधुसंघटना यांनी करार केला. त्यानुसार फायरमनांच्या प्रत्येक वर्गात कृष्णवर्णीयांचे प्रमाण निम्म्याहून अधिक असू नये आणि ते तितके उतरेपर्यंत रिकाम्या जागा गोऱ्यांनाच मिळाव्यात, असे ठरले. अलाबामातील बेस्टर विल्यम स्टील या कृष्णवर्णीय फायरमनची सेवाज्येष्ठता डावलली गेली. तो न्यायालयात गेला. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी त्याची बाजू मांडली. डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्याने सर्व कामगारांची प्रतिनिधी ठरलेल्या संघटनेने सर्वांचेच, भेदभाव न करता, प्रतिनिधित्व केले पाहिजे. मात्र संघटनेने त्यांना सभासद करून घ्यावे, असा आदेश न्यायालयाने दिला नाही.

कामगाराला आगीपासून वाचवणारी सुधारणा आली आणि ज्यांनी पिढ्यानपिढ्या ती आग सोसली होती त्यांनाच बाहेर काढण्याचे निमित्त झाली. दोष यंत्राचा नव्हता. हलक्या झालेल्या कामाचा वारस कोण, हे संघटनेने वर्णावरून ठरवले, हा दोष होता.

महाराष्ट्राने हा प्रश्न परका मानू नये. मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, म्हणून विटाळ होतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. तेथे मजुरी अधिक होती, हे सांगितले जात नसे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्या वेळी अनेक कामगार पुढाऱ्यांना त्यांतील एकच शत्रू दिसत होता. जॉर्जियाच्या फायरमनांची कहाणी आंबेडकरांच्या निदानाची साक्ष देते.

आपल्याकडे वाफेचे इंजिन १९९० च्या दशकापर्यंत टिकले. मोठ्या इंजिनांवर एक ड्रायव्हर आणि दोन फायरमन असत. सलग किती तास ही आग सोसावी, यावर काटेकोर मर्यादा मिळवण्यासाठी इंजिन-कर्मचाऱ्यांना १९७३ साली संप करावा लागला. दहा तासांच्या पाळीचे आश्वासन त्यातून मिळाले. त्याच्या अंमलबजावणीचा प्रश्न मे १९७४ च्या, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील देशव्यापी रेल्वे संपातही होता. 

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांविषयीचे १३ कायदे त्यांतील एका संहितेत विलीन झाले आहेत. एकसूत्रतेचे गुण सांगितले जात आहेत. अशा वेळी कार्यकर्त्यांनी प्रत्येक केंद्रीय मानकाविषयी विचारले पाहिजे की, हे मानक म्हणजे तळाची फरशी आहे की वरचे छत? फरशी असेल तर अधिक संरक्षण देऊ पाहणाऱ्या राज्याला तीवर उभे राहून वर चढता येईल. छत असेल तर जॉर्जियाचा अनुभव येथेही येईल. आणि मानक अजून केलेलेच नसेल, तर ते होईपर्यंत कामगाराने कोणाकडे पाहावे?

हाच प्रश्न संघटनेच्या आतही विचारावा लागेल. बॉयलर, ओतशाळा, गटारसफाई, वीटभट्टी अशा ठिकाणी सुधारित साधने येतील तेव्हा कंत्राटी आणि दलित कामगार त्या साधनांवर काम करताना दिसतील, की साधनांबरोबर नवी माणसेही येतील? करारात केवळ यंत्राची मागणी लिहून भागणार नाही. आजवर ते काम करणाऱ्याचाच त्या यंत्रावर पहिला हक्क राहील, हे कलम त्याच कागदावर, यंत्र येण्यापूर्वी, लिहून घेतले पाहिजे.