कार्तिकातले चार दिवस
(गुरुनानक जयंतीनिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



कार्तिकी एकादशी ही संत नामदेवांची जयंती. त्यानंतर चारच दिवसांनी, पौर्णिमेला, गुरुनानकांची. मी बँकेतला माणूस, तारखा आणि आकडे आधी पाहतो. पण या दोन तारखांचं नातं मला कळलं ते नांदेडला.

१९८६ साली माझी तिकडे बदली झाली. ट्रकच्या कर्जाचा हप्ता भरायला एक वयस्कर सरदारजी यायचे, आपल्यासारखं मराठी बोलायचे. एकदा म्हणाले, "साहेब, तुमच्या नामदेव महाराजांची बाणी आम्ही रोज ऐकतो." मी नुसती मान डोलावली. खरं सांगतो, मला ठाऊकच नव्हतं! घरात हरिपाठ म्हणत वाढलेला मी.

पुढे वाचलं. नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले. गुरु अर्जनदेवांनी १६०४ मध्ये ग्रंथाचं संकलन केलं, त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. आणि १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगजींनी यापुढे ग्रंथच गुरू, असं सांगितलं ते आपल्या गोदाकाठी, नांदेडला. म्हणजे आपल्या शिंप्याच्या पोराचे शब्द पंजाबात गेले आणि गुरुपदाला बसले ते महाराष्ट्रात. २०१५ साली ८८वं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा लोक विचारत होते, एवढ्या लांब कशाला? मला तो प्रश्न पडला नाही.

त्याच सरदारजींनी मला हजूर साहिबच्या लंगरला नेलं. शेजारी आमच्या शाखेतला शिपाई बसला होता. बँकेत तो माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसला नव्हता. इथे एकाच पंगतीत, दोघांनी दोन्ही हात पुढे करून रोटी घेतली. लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यात मनमाडला गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे. मुलांना एकदा घेऊन जा.

आता एक गोष्ट, जी स्मरणिकेत छापू नका असं मला काहींनी सुचवलं. २०११ मध्ये आपल्या एमआयडीसीत ट्रान्सपोर्टचा धंदा करणाऱ्या एका शीख कुटुंबाला आपल्याकडे फ्लॅट भाड्याने हवा होता. "ट्रकवाले, रात्री-अपरात्री ये-जा," असं म्हणत कमिटीने ना-हरकत पत्र दोन महिने अडकवलं. मी खजिनदार होतो. नांदेडची रोटी खाल्लेला मी गप्प बसलो.

पत्र अखेर मिळालं. पुढच्या ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरात आली, तेव्हा त्या कुटुंबाने रस्त्याच्या कडेला छबील लावली. छबील म्हणजे थंड, गोड दूध-पाणी. गुरु अर्जनदेवांच्या हौतात्म्याच्या स्मरणार्थ ऐन उन्हाळ्यात ते वाटतात. हो, नामदेवांची पदं ग्रंथात घेणारे तेच गुरू. वारकरी ग्लास घेत होते, पगडीवाला पोरगा "माउली, माउली" म्हणत भरून देत होता. मला बघून त्याच्या आजोबांनी विचारलं, "भाईसाब, बाबा नामदेवजी का घर पंढरपुर में है ना?"

मी हो म्हणालो, आणि ना-हरकत पत्राबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "पहले पानी पियो."

ते कुटुंब आज बी विंगमध्ये स्वतःच्या घरात राहतं. आजचा कडाहप्रसाद त्यांच्याच स्वयंपाकघरातून आलाय. माझं झालं, आता सगळे रांगेत या. आणि बालगोपाळांनो, प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा बरं का!