एका घरातलं दोघांचं गाणं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. त्यावर मुलांशी मी दुपारी बोलेन. बहुतेक तीच मला चार गोष्टी शिकवतील. आत्ता मला एका नवरा-बायकोबद्दल बोलायचं आहे. केशवराव चाल बांधायचे, ज्योत्स्नाबाई गायच्या. आडनाव भोळे.

केशवराव आपल्या विदर्भातले. 1896 साली अमरावतीला जन्मले. डॉक्टर व्हायला मुंबईला गेले आणि गाण्यात रमले. ज्योत्स्नाबाई गोव्याच्या, माहेरच्या दुर्गा केळेकर, जन्म 1914 चा. 1932 मध्ये दोघांचं लग्न झालं. वयात अठरा वर्षांचं अंतर. अशा लग्नानंतर त्या काळी बाईचं गाणं देवघरापुरतं उरायचं. इथे उलट झालं. वर्षभरातच, 1 जुलै 1933 ला, 'नाट्यमन्वंतर' संस्थेचं 'आंधळ्यांची शाळा' मुंबईत रंगभूमीवर आलं. संगीत नवऱ्याचं आणि नायिका बायको.

आपण झाडीपट्टीची माणसं. दिवाळी झाली, धान घरात आलं, की मंडई भरते, दंडार होते, आणि वडशाच्या कंपनीचं नाटक उजाडेपर्यंत चालतं. त्यामुळे रात्रभर चालणारं संगीत नाटक म्हणजे काय, हे मला तुम्हाला सांगायला नको. पुण्या-मुंबईची नाटकंही तेव्हा तशीच असत; पदामागून पद, वन्समोअरवर वन्समोअर. केशवरावांनी या नाटकात मोजकीच आणि छोटी पदं ठेवली. प्रसंगाला लागेल तेवढंच गाणं, आणि संवादांमागे पार्श्वसंगीत. बायकांच्या भूमिकाही बायकांनीच केल्या. बालगंधर्व अजून लुगडं नेसून रंगभूमीवर उभे राहत होते, तेव्हाची ही गोष्ट.

त्या नाटकाचा विषयही ऐका. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचं, मराठी रूप श्री. वि. वर्तकांचं. लग्नाआधी मुलीकडून जी नीती मागता, तीच मुलाकडून का मागत नाही, असा त्यातला प्रश्न. नवी नवरी हा प्रश्न भर रंगमंचावर विचारते आहे आणि तिच्या गाण्याला चाल तिच्या नवऱ्याची आहे! 1933 मध्ये. आपल्यातल्या किती घरांत हा प्रश्न आज जेवताना विचारता येतो?

मी इंजिनियर आहे, म्हणून मला या जोडीची आणखी एक गोष्ट भावते. आम्ही सॉफ्टवेअर लिहिताना बघतो की दोन भाग एकमेकांशी नीट बोलले पाहिजेत. पण एक बंद पडला तर दुसरा कोसळता कामा नये. भोळे दांपत्याचं काम तसं होतं. केशवराव 'प्रभात'मध्ये गेले. ज्या 1936 साली गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी गांधीजी आपल्या सावलीला आले, त्याच साली 'संत तुकाराम' पडद्यावर आला. संगीत केशवरावांचं. त्यातला शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक अभंग लोकांना खुद्द तुकोबांचाच वाटला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. इकडे ज्योत्स्नाबाई 1942 मध्ये रांगणेकरांच्या 'कुलवधू'त उभ्या राहिल्या. संगीत मास्तर कृष्णरावांचं, नवऱ्याचं नव्हे. आणि नाटक कशावर? बायको सिनेमात नाव आणि पैसा मिळवते, ते नवऱ्याला सोसत नाही, यावर. पुढे बाईंनी 'आराधना' हे नाटक स्वतः लिहिलं. आज पुण्यात एका सभागृहाला नाव आहे ते ज्योत्स्ना भोळे यांचं. कोण पुढे आणि कोण मागे, हे त्या घरात कामानुसार बदलत गेलं.

हे मला आज का सांगावंसं वाटलं? माझे पती माझ्याच क्षेत्रातले. मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा माझ्या एका वरिष्ठांनी विचारलं, "आता घरी बसणार ना?" माझ्या नवऱ्याला तोच प्रश्न कुणी विचारला नाही. शेवटी आम्ही दोघांनी वहीत रात्री वाटून घेतल्या. ज्या रात्री माझं सर्व्हर बघण्याचं काम, त्या रात्री मूल त्याचं. फार मोठं काही नव्हतं, पण त्या वहीमुळे माझी नोकरी टिकली.

आपल्या वर्गात माझ्यापेक्षा हुशार मुली होत्या. गाणाऱ्या तर होत्याच. प्रार्थनेला जिचा आवाज ऐकून मुख्याध्यापकही कार्यालयातून बाहेर येऊन उभे राहायचे, ती आज इथे बसली आहे. काल रात्री मी तिला विचारलं, तू अजून गातेस का? ती म्हणाली, "धान रोवताना गातो ना, बाई. बांधीत कोण आयकते?"

तिला कुणी गाऊ नको म्हटलेलं नाही. गा, असंही कुणी म्हटलं नाही. बहुतेक घरांत गाणं असंच थांबतं, भांडण न होता. केशवरावांचं मोठेपण मला परवानगी देण्यात वाटत नाही. त्यांनी तिच्या आवाजासाठी बसून काम केलं, चाली बांधल्या. परवानगीला काही खर्च येत नाही; कामाला वेळ द्यावा लागतो.

म्हणून एक विनंती. संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत गाणाऱ्यांची सात नावं आहेत, आणि सातही आपल्या भावांची आहेत. आठवं नाव आमच्या मैत्रिणीचं लिहा. तिची हरकत नाही, मी विचारून आले आहे. तिचे यजमान भजनी मंडळात पेटी वाजवतात असं कळलं. भाऊजी, पेटी गाडीत आहे का?