शास्त्रावरचा विश्वास

श्रद्धा एकदा लाभली म्हणजे ती जन्मभर तशीच टवटवीत राहील, असे मानण्याकडे आपला कल असतो. अनुभव मात्र निराळा आहे. उपसा नसलेल्या विहिरीचे पाणी शेवाळते, तशी केवळ नित्यक्रम होऊन बसलेली श्रद्धाही मलूल होते. तिला नवे चैतन्य कोठून यावे? शास्त्राकडे परत जा, असे ख्रिस्ती परंपरा सांगत आली आहे. पण शास्त्रावर विश्वास ठेवणे म्हणजे नेमके काय करणे? पंडिता रमाबाईंच्या चरित्रात याचे फार बोलके उत्तर सापडते.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना ग्रंथांचे अप्रूप नव्हते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या कन्येला हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत होते आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिच्या विद्वत्तेचा गौरव केला होता. विवाहानंतर आसामात सिल्चर येथे राहत असताना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती आली आणि त्या शोधाला लागल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तेथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. ज्या धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीच रमाबाईंचा वाद सुरू झाला. चर्च सांगते म्हणून एखादा सिद्धांत मान्य करावयास त्या तयार नव्हत्या. तो शास्त्रात कोठे आहे, हे त्यांना स्वतः वाचून पाहावयाचे होते. पुष्कळांना हा अहंकार वाटला. वस्तुतः तो विश्वासाचाच एक प्रकार होता. ज्याचा आधार पक्का आहे अशी खात्री असते, तो आधार चाचपून पाहण्यास माणूस भीत नाही.

तरीही त्यांचे समाधान झाले नव्हते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, शारदा सदनाचे कार्य चालू असताना, त्यांना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण प्रत्यक्ष ख्रिस्ताला जवळ केले नाही. एवढे लोककार्य करणाऱ्या विदुषीने स्वतःविषयी असे म्हणावे, हे सोपे नव्हे. पुस्तक तेच होते. बदलली ती वाचण्याची रीत. आजवर त्यातील वचने त्या पारखत होत्या; आता ती आपल्यालाच उद्देशून आहेत असे मानून त्यांनी स्वीकारली. तारण ही विद्वत्तेची वा पुण्याईची मजुरी नसून देणगी आहे, हे त्यांना पटले. जुनी श्रद्धा नवी झाली ती अशी.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळाने आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांची माय होत असताना त्यांनी एक अवघड काम अंगावर घेतले. प्रचलित मराठी बायबलाची संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाही, हे त्या पाहत होत्या. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या आणि आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्यांनी सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्यात घालविली. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. त्या दुःखातही काम थांबले नाही. भाषांतर पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या स्त्रीने जाणूनबुजून विद्वत्तेची भाषा बाजूला ठेवली, यात फार मोठा त्याग आहे. आणि त्यात एक निःशंक भरवसाही आहे: हे शब्द साध्या बाईच्या हाती पडले तर आपले काम आपण करतील, मध्ये पंडित उभा राहण्याची गरज नाही.

शास्त्राची प्रत मखमलीत गुंडाळून फडताळात ठेवणे हा आदर खरा, पण तो विश्वास नव्हे. ते निर्भयपणे तपासावे, स्वतःला लागू करून घ्यावे आणि आपल्याहून दुबळ्याच्या हाती द्यावे. रमाबाईंनी या तिन्ही गोष्टी केल्या. मलूल झालेल्या श्रद्धेला याहून जवळची वाट क्वचितच सापडेल.