दुसऱ्यास हीन लेखणारा स्वतःच हीन होतो



अहिंसा म्हटली की श्रावकाच्या डोळ्यांपुढे प्रथम गाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि पायाखाली येऊ पाहणारी मुंगी उभी राहते. ही सावधानता मोलाची आहेच. परंतु मुंगीला जपणारा तोच मनुष्य अंगण झाडणाऱ्याशी कोणत्या शब्दांत बोलतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शस्त्राने देह दुखावतो. अपमानाने माणसाचे माणूसपण दुखावते.

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, सहाव्या अध्यायात, नीच गोत्रकर्माच्या आस्रवाची कारणे दिली आहेत. परनिंदा, आत्मप्रशंसा, दुसऱ्याच्या असलेल्या गुणांवर पांघरूण घालणे आणि स्वतःच्या नसलेल्या गुणांचा डांगोरा पिटणे, ही ती कारणे होत. यातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याची निंदा झाली त्याला हे कर्म चिकटत नाही. ज्याने निंदा केली त्याला चिकटते. दुसऱ्यास नीच म्हणणारा नीचत्वाची बेगमी स्वतःसाठीच करीत असतो.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि शरीर असे आठ मद सांगितले आहेत. यात धनाबरोबर ज्ञान आणि तपही आहे, हे विसरता कामा नये. उपवास करणाऱ्यालाही आपल्या उपवासाचा मद चढू शकतो. याउलट सम्यग्दर्शनाने युक्त असा चांडाळ त्यांनी देवतुल्य मानला आहे.

ग्रंथांची शिकवण इतकी स्पष्ट असूनही आचरणात अंतर पडते. त्याचे उदाहरण दूरचे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 1887 साली कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या उद्घाटनास भाऊराव गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

त्या दिवशी लहान कोण झाले? भाऊराव खचित नव्हेत. 1919 साली काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले आणि तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू, जेवू आणि शिकू लागली. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. ज्यांना एका स्नानापायी दार बंद झाले, त्यांच्या नावाचा आज साऱ्या जैन समाजास अभिमान वाटतो. अपमान सोसणारा मोठाच राहिला. उणेपण आले ते त्या नियमाला.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या कोणत्याही संस्थेने पन्नास वर्षांत किती इमारती उभ्या केल्या हे जरूर मोजावे. त्याबरोबर आणखीही काही पाहावे. महाप्रसादाच्या पंगतीनंतर भांडी घासणाऱ्या बाईस जेवण केव्हा आणि कसे मिळते? पहारा करणाऱ्या वृद्धास 'अरे' म्हणून हाक मारली जाते की नावाने? शिष्यवृत्ती घेणाऱ्या गरीब विद्यार्थ्यास व्यासपीठावर उभे करून त्याच्या दारिद्र्याचे वर्णन केले जाते काय? घेणाऱ्याची मान खाली जावी असे दान पाकिटाच्या दृष्टीने मोठे असेल. पुण्याच्या दृष्टीने ते तोट्याचेच आहे.

पर्युषणाच्या अखेरीस क्षमा मागितली जाते ती बहुधा आप्तेष्टांची, व्यवहारातील बरोबरीच्या माणसांची. ज्याच्यापुढे हात जोडण्याचा कधी विचारही मनात आला नाही, त्याच्यापुढे ज्या दिवशी हात जुळतील, त्या दिवशी ती क्षमावाणी खरी ठरेल.

जय जिनेंद्र!